सुखच सर्वांत श्रेष्ठ का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

माणसाने शेवटी मिळवायचे ते (म्हणजे परमश्रेय) काय, आणि ते सुखच का, या विषयावर आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत. उत्तरांत ‘सुख’ हा शब्द नुसता आला असेल तिथे जाणवणारे सुख, म्हणजे अनुभवातली सुखदता, एवढाच अर्थ घ्यावा. समाधान, कल्याण, सफल आयुष्य यांचा विचार जिथे केला आहे तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे. या वादातले बरेचसे घोटाळे ही सरमिसळ केल्यानेच होतात.

प्रश्न : माणूस जे काही करतो ते शेवटी सुखासाठीच. दान देणाऱ्यालाही दिल्याचे समाधान हवेच असते. मग सुख हे परमश्रेय आहे का, हा वाद उरतोच कुठे?

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन विधाने एकात मिसळली आहेत. ‘माणूस सुखाच्याच मागे जातो’ हे मनाविषयीचे विधान आहे. त्याला मानसशास्त्रीय सुखवाद म्हणतात. ‘माणसाने सुखच मिळवावे’ हे नीतीविषयीचे विधान, म्हणजे नैतिक सुखवाद. पहिले खरे ठरले म्हणून दुसरे सिद्ध होत नाही. उलट पहिले अक्षरशः खरे असेल, तर दुसरे सांगायला जागाच राहत नाही. जे टाळणे कोणालाच शक्य नाही, ते ‘करावे’ असा उपदेश कोणाला करायचा?

पण पहिले तरी खरे आहे का? जोसेफ बटलर या इंग्रज धर्मोपदेशकाने १७२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवचनांत या मताची गाठ सोडवून दाखवली आहे. दान दिल्याचे समाधान कोणाला मिळते? घेणाऱ्याचे भले व्हावे असे ज्याला आधीपासून वाटते त्याला. ज्याला त्याचे काहीच नाही, त्याला देऊन समाधानही नाही. म्हणजे क्रम असा : आधी दुसऱ्याच्या भल्याची इच्छा, मग तिची पूर्ती, आणि पूर्तीतून समाधान. समाधान हे इच्छेचे फळ झाले. इच्छेचा विषय नव्हे.

हे स्वतःवर तपासून पाहता येते. एका पालकासमोर दोनच पर्याय आहेत असे समजा. पहिल्यात त्याचे मूल वाचेल, पण ते मेले असे त्याला जन्मभर वाटत राहील. दुसऱ्यात मूल मरेल, पण ते कुठेतरी दूर सुखरूप आहे अशी त्याची खात्री राहील, आणि आपण ही निवड केली होती हेही तो विसरून जाईल. स्वतःचे सुख हेच एकमेव लक्ष्य असेल तर दुसरा पर्याय उघडउघड चांगला. पहिला निवडणारे पालक शोधायला मात्र फार लांब जावे लागणार नाही.

यावर ठरलेले उत्तर येते : ‘पहिला पर्याय निवडण्याचा विचारच त्या क्षणी जास्त सुखद वाटतो, म्हणून तो निवडतात.’ हे उत्तर देताना मूळ सिद्धांत हळूच बदललेला असतो. ‘माणूस पुढे मिळणाऱ्या सुखासाठी वागतो’ याऐवजी आता ‘ज्याचा विचार सुखद वाटतो तसे माणूस वागतो’ असे म्हणणे झाले. मुलाच्या वाचण्याचा विचार सुखद का वाटतो? मूल वाचावे ही इच्छा आहे म्हणून. पुन्हा बटलरच! आणि कोणतेही उदाहरण दिले तरी ‘त्यातही त्याला सुखच वाटत असणार’ असे म्हणता येत असेल, तर ते निरीक्षण राहत नाही. आधीच ठरवून घेतलेली व्याख्या होते.

मेंदूच्या अभ्यासातूनही हवेसे वाटणे आणि आवडणे या दोन वेगळ्या यंत्रणा असल्याचे दिसते. केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या उंदरांच्या मेंदूतले डोपामिन हे रसायन जवळजवळ संपवले होते, ते उंदीर गोड पदार्थाकडे स्वतःहून जात नव्हते. पण तोच पदार्थ तोंडात घातल्यावर आवडल्याच्या खुणा चेहऱ्यावर नेहमीसारख्याच दाखवत होते. व्यसनात याच्या उलट घडते : आवड ओसरत जाते आणि ओढ वाढत जाते. ‘ज्याची ओढ, तेच सुख’ हे समीकरण त्यामुळे शरीराच्या पातळीवरही टिकत नाही.

प्रश्न : एपिक्युरस आणि चार्वाक दोघेही ‘खा, प्या, मजा करा’ म्हणणारे. त्यांची एवढी दखल कशासाठी?

उत्तर : एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या (इ.स.पू. ३४१ ते २७०) नावावर खपणारे हे मत त्याचे नाही. मेनोयकियस या शिष्याला लिहिलेल्या पत्रात तो स्पष्टच सांगतो की सुख म्हणजे मेजवान्या आणि मद्यपान नव्हे. शरीराला पीडा नसणे आणि मनाला अस्वस्थता नसणे म्हणजे सुख. त्याने इच्छांचे तीन गट केले. भूक आणि तहान भागवण्यासारख्या इच्छा नैसर्गिक आणि आवश्यक. चैनीचे खाणेपिणे नैसर्गिक, पण अनावश्यक. कीर्ती, सत्ता, अमर्याद संपत्ती या इच्छा नैसर्गिकही नाहीत आणि आवश्यकही नाहीत, आणि त्यांना सीमा नसल्यामुळे त्या कधी पुऱ्या होत नाहीत. पहिल्या गटाची बेगमी करावी, दुसऱ्यातले सहज आले तर घ्यावे, तिसरा मुळापासून सोडावा, असा त्याचा रोखठोक कार्यक्रम होता. मजा करणाऱ्याचा हा कार्यक्रम नाही.

त्याची खरी अडचण वेगळीच आहे. दुःखाचा पूर्ण अभाव हीच सुखाची कमाल मर्यादा, असे तो मानतो. त्यापुढे सुखाचे प्रकार बदलतात, प्रमाण वाढत नाही. अरिस्टिपसच्या परंपरेतल्या सुखवाद्यांनी यावर टोला हाणला होता की ही तर झोपलेल्या माणसाची अवस्था झाली. टोला अगदीच अन्यायाचा नाही. वेदना नसलेला कंटाळवाणा दिवस आणि वेदना नसलेला आनंदाचा दिवस यांत फरक आहे, आणि तो फरक मोजायला एपिक्युरसकडे साधन नाही.

चार्वाकांच्या बाबतीत सावध राहावे लागते, कारण त्यांचे मूळ सूत्रग्रंथ आज उपलब्ध नाहीत. बहुतेक माहिती येते ती विरोधकांकडून, त्यातही चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’तून. कर्ज काढून तूप पिण्याची ओळ सगळ्यांना पाठ असते. त्याच ग्रंथात त्यांच्या नावाने दिलेला जास्त वजनदार युक्तिवाद मात्र मागे पडतो : सुखाबरोबर दुःख चिकटून येते म्हणून सुखच टाकणे म्हणजे कोंडा आहे म्हणून धान्य फेकून देणे. संन्यासाची थोरवी गाणाऱ्या कोणालाही याचे उत्तर द्यावेच लागते.

प्रश्न : बेंथमची सुखाची बेरीज प्रत्यक्षात करायची कशी? पुस्तकांत सात निकषांची यादी सापडते, केलेले गणित कुठेच सापडत नाही.

उत्तर : तक्रार रास्त आहे. कृती योग्य की अयोग्य हे तिच्यातून होणाऱ्या सुखदुःखाच्या हिशेबाने ठरवावे, असे म्हणणाऱ्या जेरेमी बेंथमने १७८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या चौथ्या प्रकरणात निकषांबरोबर पायऱ्याही दिल्या आहेत. निकष असे : तीव्रता, कालावधी, निश्चितता, निकटता, सुफलता (त्या सुखातून पुढे आणखी सुख निघण्याची शक्यता), शुद्धता (त्यातून दुःख न निघण्याची शक्यता) आणि व्याप्ती, म्हणजे किती जणांना झळ किंवा लाभ पोहोचतो. पायऱ्या अशा : जिच्यावर कृतीचा सर्वांत थेट परिणाम होतो अशी एक व्यक्ती घ्या; तिला लगेच होणारे सुख मांडा, लगेच होणारे दुःख मांडा; मग नंतरचे सुख आणि नंतरचे दुःख; चारींची वजाबाकी करा; हेच प्रत्येक संबंधित व्यक्तीसाठी करून सर्वांची बेरीज घ्या.

एक गणित करून पाहू. एक जण रात्री तीन तास मोठ्याने संगीत लावतो. त्याच्या आनंदाची तीव्रता ६ धरली तर ३ × ६ = १८. दुसऱ्या दिवशी चार तास १ तीव्रतेचा थकवा, म्हणजे उणे ४. निव्वळ १४. त्याच्या चार शेजाऱ्यांपैकी प्रत्येकाला रात्री तीन तास २ तीव्रतेचा त्रास, म्हणजे उणे ६, आणि दुसऱ्या दिवशीचा थकवा उणे ४. प्रत्येकी उणे १०, चौघांचे मिळून उणे ४०. एकूण उणे २६. संगीत लावू नये. शेजारी घरी असण्याची शक्यता निम्मीच असेल तर उणे ४० चे उणे २० होतात, आणि एकूण उणे ६. तरीही लावू नये.

आता चुका कुठे होतात ते पाहा. पहिली चूक दुहेरी मोजणीची. सुफलता आणि शुद्धता यांना वेगळे गुण देऊन पुन्हा नंतरचे सुखदुःखही मिळवणारे बरेच असतात. त्या दोन निकषांचा हिशेब नंतरच्या रकान्यांतच होतो. हे गुणधर्म सुखाचे कमी आणि त्या कृतीचे जास्त, हे बेंथमनेच नोंदवले आहे. निकटतेचेही तसेच. हेन्री सिजविक या सुखवादी तत्त्वज्ञाने १८७४ च्या ग्रंथात म्हटल्याप्रमाणे, उद्याचे सुख केवळ उद्याचे म्हणून कमी मोलाचे ठरत नाही. ते अनिश्चित असेल तर तेवढे निश्चिततेच्या रकान्यात वजा करावे. निकटतेला स्वतंत्र गुण देऊ नयेत.

दुसरी चूक मोजपट्टीची, आणि ती जास्त गंभीर. तीव्रतेला तासांनी गुणायचे असेल तर ६ ही तीव्रता २ च्या नेमकी तिप्पट असली पाहिजे, शून्य खरोखर शून्य असले पाहिजे, आणि माझे ६ तुमच्या ६ एवढे असले पाहिजेत. आपल्याला बहुतेक वेळा एवढेच सांगता येते की हे त्यापेक्षा जास्त सुखद. अशा नुसत्या चढत्या क्रमावरून बेरीज करता येत नाही. वरच्या उदाहरणात आकडे आम्ही घातले म्हणून गणित सुटले.

तिसरी गोष्ट चूक नव्हे, सिद्धांताचाच परिणाम आहे. त्याच माणसाने दहा पाहुणे बोलावले आणि प्रत्येकाला त्याच्याइतकाच निव्वळ १४ लाभ झाला, तर ११ × १४ = १५४, त्यातून ४० वजा, उरले ११४. शेजाऱ्यांचा त्रास कणभरही कमी झालेला नाही, पण जे करू नये होते ते आता करावेसे झाले. बेरजेत माणसे दिसत नाहीत, एवढ्या एका आक्षेपावर विसाव्या शतकातले न्यायविषयक पुष्कळसे तत्त्वज्ञान उभे आहे.

एक न्यायाची गोष्ट बेंथमच्या बाजूनेही सांगायला हवी. प्रत्येक निर्णयाआधी हे गणित काटेकोर करावे, अशी अपेक्षा त्याने केलेली नाही. ते नजरेसमोर ठेवावे, एवढेच तो म्हणतो.

प्रश्न : सुख मोजायचे तर ते भोगताना मोजायचे की नंतर आठवून?

उत्तर : प्रश्न छोटा आहे, पण सुखवाद्याची झोप उडवणारा. डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये केलेल्या प्रयोगात सहभागींनी एक हात १४ अंश सेल्सियसच्या थंड पाण्यात ६० सेकंद धरला. दुसऱ्या खेपेस दुसरा हात त्याच पाण्यात ६० सेकंद, आणि लगेच पुढे आणखी ३० सेकंद, ज्या काळात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेले गेले. म्हणजे अजूनही त्रासदायकच, पण जरा सुसह्य. यांतले कोणते पुन्हा कराल, असे विचारल्यावर बहुसंख्यांनी लांबलेला प्रयोग निवडला. बेंथमच्या हिशेबाने त्यांनी ३० सेकंदांचे फुकटचे दुःख पत्करले. आठवण कालावधी जवळजवळ मोजतच नाही. कळसाचा क्षण आणि शेवट, यांवरच तिची मदार असते.

सुख हेच परमश्रेय म्हणणाऱ्याने इथे बाजू घ्यायला हवी. भोगणाऱ्याची बाजू घेतली, तर माणसाच्या स्वतःच्या पसंतीला त्याच्याच सुखाबाबत अंतिम अधिकार राहत नाही. आठवणाऱ्याची घेतली, तर लांबलेल्या आजारपणाचा शेवट गोड केला की मधले महिने जवळपास पुसले जातात. आमच्या मते वेदनेच्या बाबतीत भोगणाऱ्याचेच ऐकावे, कारण वेदना होते ती त्या क्षणी. आयुष्य कसे गेले हा प्रश्न मात्र क्षणांच्या बेरजेने सुटत नाही.

प्रश्न : मिलने उच्च आणि नीच सुखे वेगळी केली ती सुखवाद वाचवण्यासाठी की सोडण्यासाठी? परीक्षेत नेमके काय लिहावे?

उत्तर : वाचवण्यासाठी. पण वाचला का, हा वादाचा भाग आहे. उच्च म्हणजे बुद्धीची सुखे, नीच म्हणजे निव्वळ शरीराची. बेंथमच्याच परंपरेतल्या जॉन स्टुअर्ट मिलचा ‘उपयुक्ततावाद’ हा निबंध १८६१ मध्ये मासिकातून आणि १८६३ मध्ये पुस्तकरूपाने आला. सुखवाद म्हणजे डुकरांना शोभणारे तत्त्वज्ञान, या आरोपाला तो उत्तर देत होता. त्याचा निकष असा : दोन्ही सुखे ज्यांनी सारखीच अनुभवली आहेत आणि दोन्ही उपभोगण्याची ज्यांची क्षमता शाबूत आहे, अशांनी एकाला ठाम पसंती दिली, त्याबरोबर जास्त असमाधान येते हे ठाऊक असूनही दिली, आणि दुसऱ्याच्या कितीही मोठ्या राशीच्या बदल्यात ते सोडले नाही, तर ते उच्च. विद्यार्थी यातली पहिलीच अट लिहितात. शेवटची सोडली तर सुखाचा दर्जा आणि त्याचे प्रमाण यांतला फरकच उत्तरातून निघून जातो.

त्यानंतर आक्षेप मांडावा. उच्च सुख श्रेष्ठ ठरते ते जास्त सुखद असल्यामुळे की दुसऱ्या कशामुळे? जास्त सुखद असल्यामुळे म्हणाल, तर तो बेंथमच झाला. दुसऱ्या कशामुळे म्हणाल, तर ते ‘दुसरे काहीतरी’ सुखापलीकडचे मूल्य झाले आणि सुखवाद संपला. शिवाय उच्च सुखे सोडून नीच सुखांकडे वळलेल्यांचे मत मिल धरत नाही. त्यांची क्षमताच कोमेजली, असे तो म्हणतो. मग पंच निवडतानाच निकाल ठरला, अशी शंका येते. पहिल्या पेचातून निसटायला एक फट आहे : सुखदतेलाच तीव्रता आणि कालावधी यांच्या जोडीला तिसरी मिती आहे, असे मिलच्या वतीने म्हणता येते. फट अरुंद आहे, पण आहे, आणि तिचा उल्लेख केलेले उत्तर वेगळे उठून दिसते.

जाता जाता : ‘सुखाचे प्रमाण सारखे असेल तर एखादा पोरखेळ आणि कविता सारख्याच मोलाची’ हे वाक्य बेंथमचे म्हणून सर्रास दिले जाते. त्या शब्दांत ते मिलने केलेले सार आहे. बेंथमने लिहिले ते असे, की पूर्वग्रह बाजूला ठेवले तर तो खेळ संगीत आणि काव्याच्याच तोडीचा.

प्रश्न : नॉझिकच्या ‘अनुभवयंत्रा’त मी तरी आनंदाने बसेन. म्हणजे मी सुखवादी का? आणि माझ्यासारखे लोक असतील तर तो आक्षेप फसला का?

उत्तर : रॉबर्ट नॉझिकने १९७४ मध्ये मांडलेली कल्पना थोडक्यात अशी. मेंदूला जोडलेले यंत्र हवे ते अनुभव देते. आपण कादंबरी लिहितो आहोत, मित्र जोडतो आहोत, असे हुबेहूब वाटते, आणि यंत्रात आहोत हे आत गेल्यावर आठवत नाही. जन्मभरासाठी बसाल का? नको वाटत असेल, तर आतून कसे वाटते याखेरीजही तुम्हाला आणखी काही महत्त्वाचे वाटते, असा निष्कर्ष.

हा प्रयोग मनात करताना तो नीट स्वच्छ करून घ्यावा लागतो, नाहीतर उत्तर भलत्याच कारणाने येते. यंत्र बिघडेल ही भीती काढून टाका. मागे राहणाऱ्या माणसांची काळजी काढा. त्यांचीही सोय झाली आहे असे धरा. यंत्रातले सुख बाहेरच्यापेक्षा निश्चित जास्त आहे असे धरा. आणि आत्ताचे आयुष्य फार कष्टाचे असेल, तर तेही बाजूला ठेवा. दुःखातून सुटण्यासाठी यंत्र निवडणे हा वेगळाच निर्णय आहे, आणि तो सुखवादी नसलेलाही घेऊ शकतो. एवढे करूनही तुम्ही बसत असाल, तर तुम्ही या बाबतीत प्रामाणिक सुखवादी आहात. त्यात काही गैर नाही.

आक्षेपाची दुखरी जागा वेगळीच आहे. फेलिपे डी ब्रिगार्ड यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रश्न उलटा केला : तुम्ही आधीपासूनच यंत्रात आहात; बाहेर यायचे का? बाहेरच्या आयुष्याबद्दल काही सांगितले नाही, तेव्हा निम्म्याच्या आसपास लोकांनी आतच राहणे पसंत केले. म्हणजे मूळ प्रयोगातल्या ‘नको’मध्ये सत्याच्या ओढीबरोबर चालू आयुष्य न सोडण्याचा हट्टही मिसळलेला असतो.

म्हणून निवड करायलाच लावू नये, नुसती तुलना करावी. एका व्यक्तीला जोडीदाराचे प्रेम, मुलांचा जिव्हाळा आणि सहकाऱ्यांचा आदर आहे. दुसरीला हे सगळे आहे असे मरेपर्यंत वाटते, पण ते सगळे नाटक आहे आणि तिला ते कधीच कळत नाही. आतून दोघींची आयुष्ये तंतोतंत सारखी. आता स्वतःसाठी नव्हे, तुमच्या मुलीसाठी यांतले कोणते आयुष्य मागाल? इथे यंत्र नाही, बिघाड नाही, बदलाची भीती नाही. ‘दोन्ही सारखीच’ हे उत्तर फार थोड्यांना देता येते, आणि सुखवाद्याला तर तेच द्यावे लागते. सुखवादावरचा सर्वांत बळकट आक्षेप आम्हाला हाच वाटतो.

प्रश्न : ‘सुख पाहतां जवापाडें, दुःख पर्वताएवढें’ हे खरे असेल, तर सुख वाढवण्याचा विचार सोडून फक्त दुःख कमी करणे हेच ध्येय का नसावे?

उत्तर : तुकोबांच्या या ओळीत प्रमाण सांगितले आहे, तुम्ही विचारता आहात ते प्राधान्य. दोन्ही वेगळी. कार्ल पॉपरने १९४५ मध्ये नेमके हेच सुचवले : नैतिकदृष्ट्या सुख आणि दुःख समतोल नाहीत, दुःखितांची हाक थेट मदत मागते, सुखी माणसाचे सुख आणखी वाढवण्याची तशी हाक नसते. सार्वजनिक धोरण ठरवताना हा सल्ला उत्तम आहे. दुःखाची कारणे ओळखता येतात, त्यांवर एकमतही लवकर होते. दुसऱ्याचे सुख कशात आहे ते आपण ठरवायला निघालो की जबरदस्ती सुरू होते.

पण दुःखनिवारण हेच एकमेव ध्येय मानले, तर आर. एन. स्मार्ट यांनी १९५८ मध्ये दाखवलेला निष्कर्ष टाळता येत नाही : सर्व सजीवांचा क्षणार्धात, वेदनेविना अंत करणारा सत्ताधीश सर्वांत मोठा उपकारकर्ता ठरेल. दुःखाला प्राधान्य द्यावे, मक्तेदारी देऊ नये.

प्रश्न : अॅरिस्टॉटलही ‘सुख’च परम मानतो ना? आणि हल्ली देशोदेशींच्या सुखाचे क्रमांक लावतात, ते कोणत्या सुखाचे?

उत्तर : अॅरिस्टॉटल ज्याला यूडायमोनिया म्हणतो ती भावना नाही. संपूर्ण आयुष्यभर, माणसाला साजेशा गुणांनिशी केलेली कृती, असे तिचे स्वरूप. झोपेत ती असू शकत नाही, आणि एका दिवसावरून तिचा निर्णय होत नाही. मित्र, पुरेशी साधने, थोडे नशीब यांचीही गरज तो मान्य करतो. जाणवणाऱ्या सुखाला त्याने हाकलून दिलेले नाही. चांगल्या कृतीला पूर्णत्व देणारी ती गोष्ट आहे, असे ‘निकोमाखियन नीतिशास्त्रा’च्या दहाव्या भागात तो सांगतो. सुख हवे तर कृती नीट करा, असा त्याचा रोख.

क्रमवारीचे म्हणाल, तर २०१२ पासून निघणाऱ्या जागतिक अहवालात मुख्य प्रश्न शिडीचा असतो : ० म्हणजे तुमच्या दृष्टीने सर्वांत वाईट आयुष्य, १० म्हणजे सर्वांत चांगले, तुम्ही कोणत्या पायरीवर? हा आयुष्याबद्दलचा निवाडा झाला. काल तुम्ही हसलात का, काळजीत होतात का, हे प्रश्न वेगळे विचारले जातात आणि त्यांचे निकाल शिडीशी जुळतातच असे नाही. यूडायमोनिया यांपैकी कशातच मोजली जात नाही.

निवाड्यावर विसंबण्यातला धोका अमर्त्य सेन यांनी वारंवार दाखवला आहे. पिढ्यान्‌पिढ्या वंचित राहिलेला माणूस आपल्या अपेक्षाच छाटून घेतो आणि थोडक्यात समाधानी असल्याचे सांगतो. त्याचे उत्तर खोटे नसते. पण त्यावरून त्याच्या वाट्याला पुरेसे आले आहे असे ठरवणे म्हणजे अन्यायाला प्रमाणपत्र देणे. समाधानालाच परमश्रेय मानणाऱ्यांकडे या माणसासाठी एकच उपाय उरतो, तो म्हणजे काहीही न बदलणे.

प्रश्न : सुखाच्या मागे लागले की ते हुलकावणी देते. मग सुखवाद स्वतःच स्वतःला खोडून काढत नाही का?

उत्तर : नाही. सिजविकने हा विरोधाभास मान्य केला आणि तरीही सुखवाद सोडला नाही. कृती योग्य कशावरून हा एक प्रश्न, आणि कृती करताना मनात काय ठेवावे हा दुसरा. झोप लागावी म्हणून झोपेचाच विचार करत पडणाऱ्याला झोप येत नाही, म्हणून झोप नको असे होत नाही. व्यवहारात लक्ष काम, माणसे, छंद यांवर ठेवावे आणि अधूनमधून थांबून हिशेब पाहावा, असे सुखवादीही सांगू शकतो.

प्रश्न : तुम्ही सगळ्यांच्या चुका दाखवता. तुमचे स्वतःचे मत काय?

उत्तर : आधी ‘परम’ म्हणजे काय ते ठरवू. कांटने १७८८ मध्ये दोन अर्थ वेगळे केले : जे दुसऱ्या कशावरही अवलंबून नाही ते सर्वोच्च, आणि ज्यात आणखी काही घालायचे उरत नाही ते पूर्ण. त्याच्या मते सद्गुण सर्वोच्च आहे, पण पूर्ण नाही. पूर्ण श्रेयात सद्गुणाच्या प्रमाणात सुखही हवे. सद्गुण सर्वोच्च, हे त्याचे मत पटो वा न पटो, हा भेद कामाचा आहे.

आमचे मत असे की सुख हे स्वतःसाठीच चांगले आहे, त्याला दुसऱ्या कशाचा दाखला लागत नाही, आणि ते अजिबात नसलेले आयुष्य पूर्ण नव्हे. पण ते एकमेव नाही. खरे कळणे, खरी नाती असणे, आणि आपल्या हातून काही घडणे, यांचेही मोल त्यातून मिळणाऱ्या सुखापुरते नाही. फसवल्या गेलेल्या व्यक्तीच्या उदाहरणावरून ते दिसते. यांची आपसांत टक्कर झाली तर कोणते वरचढ, याचे एकच सूत्र आमच्याकडे नाही. सूत्र नाही हा दोष आहे, असे सुखवादी म्हणतील. त्यांच्याकडे सूत्र आहे, पण वर पाहिले तसे आकडे नाहीत.

प्रश्न : सुखच श्रेष्ठ मानले तर प्राण्यांचे काय?

उत्तर : सुखवादाची ही सर्वांत भक्कम बाजू आहे. बेंथमने त्याच १७८९ च्या ग्रंथाच्या एका तळटीपेत लिहिले, की प्रश्न त्यांना विचार करता येतो का हा नाही, बोलता येते का हाही नाही. त्यांना यातना होतात का, हा आहे. बुद्धी किंवा सद्गुण यांना परम मानणाऱ्यांना प्राण्यांसाठी वेगळी तजवीज करावी लागते. सुखवाद्याच्या हिशेबात ते पहिल्यापासून असतात : सारख्या तीव्रतेची आणि सारख्या वेळाची वेदना, मग ती कोणालाही होवो, सारखीच मोजायची.

किंमत दुसऱ्या टोकाला मोजावी लागते. रॉजर क्रिस्प यांच्या उदाहरणात एका आत्म्याला दोन आयुष्यांतून निवड करायची असते : संगीतकार हायडनचे ७७ वर्षांचे समृद्ध आयुष्य, किंवा अगदी मंद, एकसुरी सुख असलेल्या शिंपल्यातल्या जीवाचे, हवे तेवढे लांबवता येणारे आयुष्य. तीव्रतेला कालावधीने गुणायचे ठरले, की शिंपला केव्हा ना केव्हा पुढे जातोच. हायडनच्या सुखाची सरासरी तीव्रता शिंपल्याच्या हजारपट धरली, तर ७७,००० वर्षांनी दोघे बरोबरीला येतात.